सीझन संपेपर्यंत

आधी एक सांगून टाकतो. मी आता चालतो. हमद टाउनमधल्या आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरपर्यंत जातो आणि दही घेऊन परत येतो. बहारीनमध्ये वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. काठी लागते, पण जातो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं माणूस आत्ता आयसीयूत असेल, तर त्याचा जीव शेवटच्या ओळीपर्यंत टांगणीला लावायचा माझा इरादा नाही.

मला झाला त्या आजाराला जीबीएस म्हणतात. अंगातली जी फौज जंतूंशी लढायची, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. पायापासून सुरुवात होते आणि वर वर चढत जाते. बाकीची माहिती डॉक्टर देतील, ते त्यांचं काम. मला सांगायचंय ते अडकण्याबद्दल. मी अंगात अडकलो होतो, हे सगळ्यांना दिसलं. घरात आणखी कोण कुठं अडकलं होतं, ते मात्र मला दोन महिने दिसलं नाही.

हातात घेऊन पळायचा फुटबॉल

मी कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवायचा नसतो. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून मी सहा वर्षं खेळलोय, आणि मॅच हरल्यावर दोन-दोन दिवस जेवलेलो नाही. पुढं डिप्लोमा झाला, लग्न झालं, नोकरीनं इथं आणून टाकलं. मीना सलमान बंदरावर एका गोदामाच्या शीतगृहाचं मेंटेनन्स बघतो, त्याला आता बावीस वर्षं होतील.

आमचा एकुलता एक मुलगा अमेय इथंच जन्मला, इथंच शिकला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. इंजिनिअरिंगला ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात गेला. पहिल्याच वर्षी फोन आला, "पप्पा, आय मेड द फुटबॉल टीम!" मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आठवड्यानं व्हिडिओ बघितला आणि पेढे परत मागावेत असं वाटलं. बॉल अंड्यासारखा. तो हातात घेऊन पळायचं. आणि बाकीचे हेल्मेट घालून वळूंसारखे अंगावर येणार! याला फुटबॉल म्हणतात? आईशप्पथ, माझी मान शरमेनं खाली गेली.

"पप्पा, आय एम द किकर," तो म्हणाला. म्हणजे अख्ख्या टीममध्ये पायानं बॉल मारायचं काम असलेला जवळजवळ एकटाच. दोन उंच खांबांच्या मधून बॉल गेला की तीन पॉइंट. मॅचभर बाकावर बसायचं आणि चार सेकंदांसाठी आत जायचं.

मी म्हणालो, "पाय मोडून घेशील एक दिवस. मग लंगडत माझ्याकडं येऊ नकोस."

असं बोलायची आमच्याकडं पद्धतच आहे. प्रेमानंच बोलतो. पण बोललो होतो.

तीन वर्षं तो राखीव म्हणून बसला. शेवटच्या वर्षी पहिला नंबर लागला. दहा शनिवार, दहा मॅचेस. जर्सी सदतीस नंबरची. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्याकडं दुपारचा एक वाजला तेव्हा आमच्याकडं रात्रीचे आठ झाले होते. मी आणि बायको, सुरेखा, टीव्हीला लॅपटॉप जोडून बसलो. ती मॅचभर डोळे मिटूनच होती. त्याला कुणी धडकलं तर बघवणार नाही म्हणाली. दुसऱ्या क्वार्टरला त्यानं अडतीस यार्डांवरून बॉल मारला आणि तो खांबांच्या मधून अस्सा गेला!

मी उडी मारायला उठलो आणि गुडघ्यात दुमडून खाली बसलो.

"पायाला मुंग्या आल्यात," मी म्हणालो. त्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असणार, असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं.

एका दमात

रविवारी तळपाय बधिर होते. मी शीतगृहाला दोष दिला. सोमवारी शिडीवर चढताना कितवी पायरी ते पायाला कळेना. मंगळवारी सकाळी गाडी घेऊन निघालो आणि हमद टाउनच्या राउंडअबाउटला थांबलो, तो थांबलोच. ब्रेकवरचा पाय उचलेना. मागं हॉर्नवर हॉर्न. शेवटी दोन्ही हातांनी मांडी धरून मी पाय बाजूला केला, गाडी कडेला लावली आणि सुरेखाला फोन केला. ती टॅक्सी करून आली. माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्याच टॅक्सीत घालून हॉस्पिटलला नेलं.

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय ढिम्म. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. मग म्हणाले, "एक मोठा श्वास घ्या आणि एका दमात जितके आकडे मोजता येतील तितके मोजा."

मी मराठीत मोजले. एकतीसपर्यंत गेलो. संध्याकाळी पुन्हा मोजायला लावले, चोवीस झाले. तेव्हा कळलं की ही गंमत नाही. पायातलं ते वर चढत होतं आणि ते छातीपर्यंत कधी पोचेल याच्यावर हे लोक नजर ठेवून होते.

"कुठं थांबेल हे?" मी विचारलं.

"इंशाल्ला, लवकर," डॉक्टर म्हणाले. बावीस वर्षं इंशाल्ला, म्हणजे देवाची इच्छा असेल तर, ऐकतोय. काम कधी होणार विचारल्यावर कामगार तसं म्हणाला की मी हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मी घाबरलो होतो. सरळ लिहितो. माणसं लिहितात की मी खंबीर होतो वगैरे. मी नव्हतो. सुरेखाचा हात धरायला गेलो तर बोटं मिटेनात, तेव्हा मी रडलो.

पण रडता रडता हुकूम सोडायला विसरलो नाही. "अमेयला सांगायचं नाही."

"अहो, असं कसं?"

"तीन वर्षं बसलाय तो बाकावर. कळलं तर सगळं टाकून येईल. नऊ मॅचेस राहिल्यात. सीझन संपेपर्यंत एक शब्द नाही. माझी शपथ आहे तुला. तोवर मी उभा राहतो, मग मीच सांगेन."

"आणि तुमचा फोन लागला नाही तर त्याला काय सांगू?"

"शटडाऊनला गेलेत म्हण, दुसरा प्लांट बंद ठेवून दोन-अडीच महिने दुरुस्ती आहे. प्लांटमध्ये फोन चालत नाही म्हण."

परदेशातल्या माणसाला वाईट बातमी शेवटी सांगायची, हा आमच्या घरचा रिवाज आहे. मी इथं नवा असताना अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिस झाला. नवा व्हिसा, रजा मिळणार नाही, उगाच पोराच्या जिवाला घोर, म्हणून भावानं मला अडीच महिने कळू दिलं नाही. मी गेलो तेव्हा अण्णांची वाचा गेली होती. अंगणात उभा राहून मी भावाला नाही नाही ते बोललो. "तुझ्याच भल्यासाठी केलं," तो म्हणाला. "असलं भलं चुलीत घाल," मी म्हणालो.

आणि वीस वर्षांनी मीच ते केलं. तेच शब्द, तोच रिवाज. तेव्हा अण्णा आठवलेसुद्धा नाहीत.

चार गोल

शुक्रवारी सकाळी एका दमात अकरा आकडे झाले. दुपारी घशात नळी घातली आणि मशीनवर ठेवलं. सोळा दिवस.

यातले सुरुवातीचे काही मला आठवत नाहीत. बाकीचे सगळे आठवतात, आणि हेच मला इतरांना सांगायचंय. माणूस डोळे मिटून पडलाय म्हणजे तो तिथं नाही असं नसतं. मी होतो. सगळं ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, आणि एक बोट हलत नव्हतं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली की ती दोन-दोन तास सुटलेलीच असे. डोळ्यांसमोर छताच्या पांढऱ्या चौकोनी पाट्या. त्यातल्या एकीवर पाण्याचा डाग. आत मी ओरडायचो. खच्चून, पेठेतल्या पोरासारखा, शिव्या देऊन ओरडायचो. मशीन आपलं शांतपणे एका लयीत हवा भरत राहायचं. आपला श्वाससुद्धा आपल्या मर्जीचा नाही, याच्यासारखा कोंडमारा दुसरा नसेल.

केरळची सिस्टर लिन्सी दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायची आणि हिंदीत बोलत राहायची. "अंकल, आज चिकन बना है, लेकिन आपको नहीं मिलेगा." दुसरं कुणी माझ्याशी थट्टा करत नव्हतं. बाकी सगळे माझ्या पायथ्याशी उभं राहून कुजबुजायचे. थट्टा केली की माणसाला वाटतं, अजून आपण माणसांत आहोत.

सुरेखानं एका मोठ्या पुठ्ठ्यावर मराठी अक्षरं लिहून आणली. ती एकेक ओळीवर बोट ठेवायची आणि बरोबर ओळ आली की मी पापणी मिटायची. पहिला शब्द जुळायला दहा मिनिटं लागली. तिच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, मी काहीतरी जिव्हाळ्याचं सांगतोय. शब्द होता "नाक". तिनं खाजवलं. त्या सुखाला तोड नाही.

दुसरा शब्द होता "अमेय".

पहिल्या रविवारी तिनं माझ्या कानाशी फोन धरून स्पीकर लावला. त्याला वाटलं, मम्मी स्वयंपाकघरात आहे. "ट्वेंटी-नाइन यार्ड्स, मम्मी! राइट डाउन द मिडल! टेल पप्पा व्हेन ही कॉल्स." मी इथंच होतो, पोरा. सगळं ऐकत होतो.

पुढच्या शनिवारपासून मात्र तिनं स्पीकर लावला नाही. फोन आला की बाहेर जायची. मी पुठ्ठ्यावर विचारलं, तर म्हणाली, "इथं मशीनचे आवाज होतात, त्याला संशय येईल." बरोबर होतं. मग परत येऊन ती मला मॅचची हकिकत सांगायची.

"आज चार गोल मारले त्यानं."

मी डोळे वटारले.

"दोन तर हेडरनं," ती म्हणाली.

त्या खेळात गोलच नसतो, आणि तिथं डोक्यानं बॉल मारणाऱ्याला लोक वेड्यात काढतील! नळी नसती तर मी खो-खो हसलो असतो. एवढं आयुष्य कोल्हापूरच्या मॅचेसच्या गोष्टी ऐकल्यात, तेच बोलतेय बिचारी, असं वाटलं. तिला खेळ कळत नाही हे मला माहीत होतं. ती मॅच डोळे मिटूनच बघते हेही माहीत होतं. मी पुठ्ठ्याकडं डोळे फिरवले, पण ती म्हणाली, "आता पुरे, दमाल," आणि पुठ्ठा पलंगाखाली सरकवला.

पुढचे चार शनिवार असेच गेले. अमेय सुटलाच होता. एका मॅचला म्हणे पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. मी त्या चार गोलांवर दिवस काढले, हे खरं आहे.

सदतीस नंबर

सप्टेंबरच्या अखेरीला नळी निघाली. आवाज परत आला, पण चिरका. मला वॉर्डात हलवलं. मान वळायला लागली, मग खांदे. हात कोपरापासून उचलायचे, बोटांत जोर नव्हता. पाय अजून दुसऱ्याचे होते.

बोलता येऊ लागल्यावर अमेयशी स्वतः बोलायची मला घाई होती. सुरेखा म्हणायची, "हा असला आवाज ऐकला तर तो आत्ता विमानात बसेल. तुमचीच शपथ आहे ना?"  मॅच लावून दे म्हटलं की हॉस्पिटलचं नेट चालत नाही, फोनला चार्जिंग नाही, आठला व्हिजिटिंग संपतं. नेहमी काहीतरी.

शेवटी आठव्या मॅचच्या शनिवारी, ती आठला घरी गेल्यावर, मी लिन्सीला पटवलं; तिचीही ड्यूटी आता वॉर्डात लागली होती. तिनं माझा फोन जेवणाच्या टेबलावर स्टँडला उभा केला, कॉलेजची साइट उघडली आणि मॅच लावून दिली. "एंजॉय, अंकल," म्हणाली आणि औषधं वाटायला गेली.

पहिला क्वार्टर. त्यांची टीम पुढं सरकली, अडली. किकरची वेळ. मी मान उचलली.

आत आला तो एक लाल केसांचा पोरगा. नंबर बारा.

आज विश्रांती दिली असेल, म्हटलं. पुन्हा वेळ आली, पुन्हा लाल केस. कॉमेंट्री करणारी दोन पोरं होती, ती त्याच्याबद्दल अशी बोलत होती जणू महिनाभर तोच मारतोय. मग कॅमेरा कडेनं फिरला. बाकावरचे खेळाडू, पाण्याचे डबे, कोच. आणि टोकाला ट्रॅकसूट घातलेला, दोन्ही काखांत कुबड्या घेतलेला, डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टा बांधलेला माझा पोरगा.

फोन बंद करावा म्हटलं, तर बोटं उचलेनात. बेल दाबता येईना. हाक मारली, ती पडद्यापर्यंतही गेली नाही. कॅमेरा पुन्हा पुन्हा तिकडं फिरायचा आणि मला पुन्हा पुन्हा ते बघावं लागायचं. डोळे मिटले तरी कानावर येत होतं. मशीनवर सोळा दिवस काढले, पण ते दोन तास त्याच्याहून लांब होते. मॅच संपली, स्क्रीन काळी झाली, तेव्हा लिन्सी आली. "जीते क्या, अंकल?" तिनं विचारलं.

व्हिजिटिंग दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. तोपर्यंत मी मनात बायकोला जे जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

पडद्याआड

ती पातळ पेजेचा डबा घेऊन आली. मी म्हणालो, "हेडरनं मारले काय गं? कुबड्या घेऊन हेडर मारले?"

तिनं डबा खाली ठेवला. मी चिरक्या आवाजात ओरडायला लागलो. माझ्या पोराचा पाय मोडलाय आणि मला सांगत नाहीस? दीड महिना बनवलंस मला? मी मेलो होतो का? बाप आहे का कोण आहे मी?

शेजारचा बहारीनी म्हातारा माझ्याकडं बघायला लागला. सुरेखानं पलंगाभोवतीचा पडदा ओढला, स्टुलावर बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला म्हणाली, "गप्प बसा."

मी गप्प बसलो.

"तिसऱ्या मॅचला लागलं त्याला. त्या दिवशी मॅच तासभर आधी होती, आणि अगदी सुरुवातीलाच लागलं. बॉल मारला आणि समोरचा येऊन गुडघ्यावर पडला. आठ वाजत आले होते, मी तुमच्याजवळच होते. डॉक्टर नुकते सांगून गेले होते, अजून काही दिवस असंच राहिलं तर घशाला भोक पाडावं लागेल. आणि फोन वाजला. मी बाहेर गेले. तो रडत होता, अहो. एवढा मोठा पोरगा रडत होता. मम्मी, माझा गुडघा गेला, म्हणाला. आणि पुढं काय म्हणाला माहितीय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणाला, पप्पांना सांगू नको. तुझी शपथ. ते म्हणाले होते, लंगडत माझ्याकडं येऊ नकोस. सीझन संपेपर्यंत सांगू नको, तोवर मी बरा होतो, मग मीच सांगेन."

माझेच शब्द. जवळजवळ अक्षरन् अक्षर.

"मी पार्किंगच्या पायऱ्यांवर बसले होते," ती म्हणाली. "एका कानाला त्याचा फोन. वर तुम्ही मशीनवर. त्याला वाटतंय तुम्ही शटडाऊनला. तुम्हाला वाटतंय तो मैदानावर. त्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं? त्याचा रूममेट. मी इकडून त्याला म्हणत होते, पप्पा मजेत आहेत. आणि वर येऊन तुम्हाला म्हणत होते, चार गोल. मला तो खेळ कळत नाही! किती पॉइंट म्हणायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. लिफ्टमध्ये ठरवायचे मी, आज किती सांगू."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही दोघांनी माझ्यावर शपथा टाकल्यात. तुम्ही एका बाजूनं, त्यानं दुसऱ्या बाजूनं. मला कुणी विचारलं? घरचा रिवाज तुमचा. पाळला मी एकटीनं."

माझा हात तिच्या गुडघ्याकडं सरकला. बोटं मिटत नव्हतीच, नुसता तळवा टेकला. "चुकलं," मी म्हणालो. "माझं चुकलं, सुरेखा. लाव त्याला फोन."

ओहायोत सकाळचे साडेनऊ झाले होते. व्हिडिओ लागला. त्यानं माझा चेहरा बघितला, नाकातली फीडिंगची नळी बघितली, मागचा पडदा बघितला. 

"पप्पा, व्हॉट इज धिस? शटडाऊन?"

"हो," मी म्हणालो. "माझंच शटडाऊन झालंय. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?"

तो भडकला. आठ आठवडे! यू लाइड टू मी फॉर एट वीक्स! मी ऐकून घेतलं. कोल्हापूरच्या अंगणात मी भावाला असाच बोललो होतो. त्याचं संपल्यावर मी म्हणालो, "अमेय, ऐक. ते लंगडत येऊ नकोस म्हणालो होतो ना, ते मी मागं घेतो. लंगडत ये. रांगत ये. कसाही ये."

त्यानं तोंडावर हात घेतला. मग मराठीत, अडखळत, म्हणाला, "मम्मी कुठंय? मम्मीला दाखवा."

फोन वळवायला सुरेखा पुढं झाली, तेव्हा कुठं ती रडली.

यल्ला

यानंतर चोरीछुपी बंद. रोज चारला फोन, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. तो सांगायचा, गुडघा साठ डिग्री वाकला. मी सांगायचो, चमचा दोन घास टिकला. एकदा तो नव्वदला पोचला आणि मी अजून पलंगाच्या कडेला बसताना तोल जाऊन लिन्सीच्या अंगावर. "पप्पा, आय एम विनिंग," म्हणाला. बापाला हरवतोय गुलाम!

फिजिओथेरपीला हसन होता, मुहर्रकचा तरणाताठा बहारीनी. रोज तेच, "यल्ला, बाबा, यल्ला." म्हणजे चला. मी म्हणायचो, मफी, आज नाही होणार, जोरच नाही. मग एकदा मी त्याला पोराचा खेळ समजावून सांगितला. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकलात तर बॉल दुसऱ्याला द्यायचा. हसननं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मधल्या फरशीवर पट्ट्या चिकटवून आला. दहा यार्ड नव्हे, दहा वीत. "फोर ट्राइज, बाबा."

पहिल्या दिवशी चारही फुकट गेले. "खलास," मी म्हणालो. "नो खलास," तो म्हणाला. "टुमारो, न्यू फोर."

ज्यांचं माणूस या आजारातून उठतंय त्यांना एवढंच सांगतो, की उद्या नवे चार मिळतात. आणि पाय रात्री फार जळतात, तेव्हा कुणीतरी नुसता हात ठेवून बसावं. औषध नाही ते, पण लागतं.

नोव्हेंबरच्या मध्याला सीझन संपला. अमेयच्या टीमनं दहापैकी तीन जिंकल्या. शेवटची मॅच आम्ही तिघांनी बघितली, म्हणजे मी आणि सुरेखा वॉर्डात, आणि तो मैदानाच्या कडेला. त्यांच्याकडं घड्याळं मागं गेल्यामुळं आमच्याकडं नऊला लागली. लिन्सीनं सुरेखाला बसू दिलं. त्या दिवशी सुरेखा डोळे उघडे ठेवून बघत होती. लाल केसांच्या पोरानं बॉल मारला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या. "याची आईपण कुठंतरी बसली असेल," ती म्हणाली.

मी सीझन संपेपर्यंत उभा राहणार होतो. नाही राहिलो. दांड्या धरून चार प्रयत्नांत सात वीत झाली होती.

विमानतळ

डिसेंबरात मला घरी सोडलं आणि अमेयची सुट्टी लागली. मी तोवर वॉकर धरून आठ-दहा मिनिटं उभा राहू शकत होतो, पण विमानतळावर जायचं म्हणजे व्हीलचेअर. सुरेखानं ती गाडीतून काढली, उघडली, मला बसवलं, पायाखालची फळी लावली, वॉकर माझ्या मांडीवर आडवा ठेवला आणि ढकलत अरायव्हलच्या दारापर्यंत नेलं. तीन महिने ती हेच करत होती. हॉस्पिटल, घर, डबा, फोन, हॉस्पिटल. मला तिच्या मनगटावर चोळण्याच्या तेलाचे डाग दिसले.

"मी उभा राहणार," मी म्हणालो. "त्यानं मला बसलेला बघायचा नाही."

"अहो, धडपडाल."

"चार ट्राय आहेत माझ्याकडं."

दुसऱ्या प्रयत्नात उभा राहिलो. दरवाजे सरकत होते, मिटत होते. माणसं येत होती, फुलं, फुगे, लेकरं. आणि मग तो आला. एका काखेत कुबडी, गुडघ्याला पट्टा, पाठीवर बॅग. लंगडत. मला उभा बघून तो थांबला, मग भराभरा यायला लागला. मी म्हणालो, "हळू! पडशील!" तो म्हणाला, "पप्पा, यू विल फॉल!"

मिठी मारायला दोघांकडं एक-एकच हात मोकळा होता. तेवढ्यात मारली. त्याच्या खांद्यावर मी किती वेळ डोकं टेकलं होतं कुणास ठाऊक. वर बघितलं तर सुरेखा आमच्या दोघांच्या मधोमध, एक पाऊल मागं उभी. एकदा माझ्या पायांकडं बघितलं, एकदा त्याच्या गुडघ्याकडं. मग रिकाम्या व्हीलचेअरकडं.

ती वळली आणि त्या खुर्चीत जाऊन बसली. पदर सारखा केला, पाय फळीवर घेतले, पर्स मांडीवर ठेवली.

"मम्मी?" अमेय म्हणाला. "आर यू ओके?"

"नाही," सुरेखा म्हणाली. "आता मला कुणीतरी ढकला."

अमेयनं वॉकर घडी करून तिच्या मांडीवर दिला. मी खुर्चीची एक मूठ धरली, त्यानं दुसरी. आम्ही तिला ढकलत होतो की तिच्या आधारानं चालत होतो, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. पार्किंगपर्यंत तीनदा थांबलो. ती एकदाही उठली नाही.